कोल्हापुरात फोन घरोघरी पोचला, पण शिकायला बसायचं कुठं?

करवीरकाठ (धागाकर्ता)

दसरा चौकातनं जाताना बोर्डिंगच्या जुन्या इमारती दिसतात. त्या कशासाठी बांधल्या गेल्या, याचा विचार सध्या डोक्यातनं जात नाही, म्हणून हा धागा.

राजाराम कॉलेज १८८० चं. म्हणजे शिकायची सोय शहरात होती. तरी खेड्यातलं पोरगं तिथं पोचत नव्हतं, कारण राहायचं कुठं, खायचं काय आणि अडलं तर विचारायचं कुणाला, हे कुणी बघत नव्हतं. शाहू महाराजांनी नेमका तिथं हात घातला. १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेक वसतिगृहं, १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल. १९१७ ला सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा जाहीरनामा निघाला आणि मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड ठरला. नुसतं शाळेचं दार उघडून ते थांबले नाहीत.

आता आजचं बघा. यूपीआय २०१६ ला आलं. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून मिळतो. २०२१ पासून ई-पीक पाहणी, म्हणजे रानातल्या पिकाची नोंद, शेतकऱ्यानं स्वतः फोनवर करायची आहे. कॉलेजचा प्रवेश, महाडीबीटीची शिष्यवृत्ती, भरतीचा अर्ज, सगळं दहा वर्षांत फोनवर आलं. आणि तालुक्याच्या कुठल्याही ई-सेवा केंद्रात पाच मिनिटं उभं राहून बघा. माणसं स्वतःचा फोन घेऊन येतात आणि आलेला ओटीपी टेबलापलीकडच्या पोराला मोठ्यानं वाचून दाखवतात. मागं रांगेत उभ्या सगळ्यांना तो ऐकू जातो. पासवर्ड त्या पोराच्या वहीत असतो. पोरगा प्रामाणिक असतो, राबतो. पण गावाचा निम्मा कारभार एका वहीवर चाललाय आणि फोनचा मालक काहीच शिकलेला नाही, हे मला पटत नाही.

मला सरकारी योजनांची यादी नको आहे. तुमच्या कामात खरोखर काय बदललं आणि तुम्ही ते कुणाकडून शिकलात, एवढंच लिहा.

फौंड्रीवाला

उद्यमनगरातनं लिहितोय. आमच्याकडं बदल भट्टीवर आणि मशीनवर दिसतो. पूर्वी पॅटर्नमेकर सागवानात पॅटर्न, म्हणजे ज्यावरनं साचा पाडतात तो नमुना, काढायचा. धातू गार होताना किती आटतो, कुठं किती जास्त ठेवायचं, हे त्याच्या हातात बसलेलं असायचं. आता ड्रॉइंगचं थ्री-डी मॉडेल येतं. धातू ओतायच्या आधी स्क्रीनवर दिसतं की कास्टिंगचा, म्हणजे ओतलेल्या वस्तूचा, कुठला भाग शेवटी गोठणार, पोकळी कुठं धरणार, आटताना जादा धातू पुरवणारा रायझर कुठं ठेवायचा. पूर्वी हे कळेपर्यंत कास्टिंग स्क्रॅपला जायची. या बदलाबद्दल माझी तक्रार नाही. सिम्युलेशननं आमचं लोखंड, वीज आणि झोप वाचवली.

तक्रार वेगळी आहे. कोर्स केलेलं पोरगं सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनवर, उभं राहतं. सायकल स्टार्ट दाबतं, जॉब निघतो, मायक्रोमीटरला व्यास वाढलेला दिसतो. की लगेच सेटरला, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याला, हाक. आता बाहेरचा व्यास काढताना इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं पातं, झिजला की माप वाढणारच. एक्सच्या ऑफसेटमध्ये, म्हणजे मशीनला व्यासाची दुरुस्ती सांगायच्या जागी, ०.०२ मायनस केलं की पुढचा जॉब मापात. यात अवघड काही नाही. पण का मायनस करायचं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्याला कुठली बटणं दाबायची तेवढं शिकवलंय.

आम्ही लेथवर उस्तादाच्या शेजारी उभं राहून शिकलो. चिप निळी पडली की वेग जास्त झाला, आवाज फाटला की टूल गेलं, हे डोळ्यांनी, कानांनी कळायचं. आता मशीनचं दार बंद, आत कूलंट उडतंय, प्रोग्राम दुसऱ्यानं केलेला. पोराला दिसतच नाही काही. वर लक्ष्य इतकं की सेटरला समजावायला वेळ नाही. ज्या शहरात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, तिथं पोरं मशीनला घाबरून उभी राहतात याचं वाईट वाटतं.

सानिका_पेठेतली

फौंड्रीवाले काका, तुमचं बरोबर आहे, पण मी उलट सांगतो. मी सगळं फोनवर शिकलो. बाबा चप्पल करतात, आजोबाही तेच करायचे. दुकानात गिऱ्हाईक पर्यटनाच्या दिवसांत. एरवी ठोक व्यापारी सांगेल तो भाव. मी व्हिडिओ टाकायला लागलो तेव्हा बाबा म्हणाले, चप्पल पायात घालायची वस्तू आहे, बघायची नाही.

मी काय दाखवलं तर कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमवतात ते. तळाचे थर चामड्याच्याच वादीनं शिवतात, खिळा नसतो, ते. वेणी घालताना बाबांची बोटं कशी चालतात ते. त्याला माणसं थांबून बघत्यात आणि मग ऑर्डर येते. बंगळूर, दिल्ली, परदेशातनं पण विचारणा आली.

अडचण अशी की मोठ्या विक्रीच्या साइटवर 'कोल्हापुरी' लिहून रेक्झिनची जोडी आमच्या निम्म्या किमतीला मिळते. २०१९ ला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून. कागदावर हक्क आहे. पण शोधयादीत वर कोण दिसणार हे मानांकनावर ठरत नाही. जून २०२५ ला मिलानच्या शोमध्ये प्रादानं आपल्यासारखी चप्पल दाखवली तेव्हा लोकांनी फोनवरूनच ओरड केली, म्हणून कंपनीला मान्य करावं लागलं की प्रेरणा भारतीय चपलेची आहे. तो आवाज फोननंच उठवला, हे विसरू नका.

आणि एक. नवीन चप्पल सुरुवातीला थोडी घट्ट असते, तेल लावून वापरली की पायाला बसते. हे न कळल्यामुळं लोक परत पाठवतात. परत येणाऱ्या पार्सलचा खर्च आमच्यावर. आता प्रत्येक जोडीसोबत मी बाबांच्या आवाजातला छोटा व्हिडिओ पाठवतो. परतावे कमी झाले. हे मला कुणी शिकवलं नाही, बाबा गिऱ्हाइकाला दुकानात जे बोलायचे तेच मी फोनवर आणलं.

डोंगरगुरुजी

भुदरगड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. सानिका, तुझ्या पोस्टमध्ये मला खरं शिक्षण दिसलं. तू फोन वापरायच्या आधी बाबांचं काम वर्षानुवर्षं बघितलंस. ज्ञान घरात होतं, फोननं वाट दिली. माझ्या वर्गातल्या पोरांचं उलटं होतं, त्यांच्याकडं वाट आहे आणि नेण्यासारखं अजून काही नाही.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर अभ्यास पाठवायचो. वर्गातल्या बऱ्याच पोरांच्या घरी एकच फोन, तोही बापाबरोबर रानात नाहीतर कामावर. रात्री तो घरी आला की अभ्यास उघडणार, तोवर पोरगं झोपलेलं. रेंज माळावर. शेवटी आम्ही वाडीवाडीत गेलो, देवळाच्या ओसरीवर लांब लांब बसवून शिकवलं. त्या काळात पहिली-दुसरीत असलेली मुलं पुढं चौथी-पाचवीत आली तरी जोडाक्षराला अडखळत होती. ते नुकसान कुठल्या अ‍ॅपनं भरून काढलं नाही, शिक्षकांनी शाळा सुटल्यावर बसून काढलं.

बालभारतीच्या पुस्तकात धड्याबरोबर क्यूआर कोड असतात, तो स्कॅन केला की दीक्षा या सरकारी शिक्षण पोर्टलवर व्हिडिओ उघडतो. चांगली सोय आहे. चंद्राच्या कला मी फळ्यावर काढून जे होत नव्हतं ते फिरत्या चित्रानं एका तासात झालं. पण व्हिडिओ संपल्यावर जी पोरगी गप्प बसते तिला काय कळलं नाही, हे फक्त वर्गात उभ्या माणसाला दिसतं. आणि त्या माणसाचा वेळ आज माहिती भरण्यात जातो. हजेरी, पोषण आहार, गणवेश, प्रत्येकाचा फोटो, प्रत्येकाचं पोर्टल. मी पोरांकडं पाठ करून फोनकडं तोंड करून बसतो. ही गोष्ट मला टोचते.

रायडर_राजारामपुरी

जेवण पोचवायचं काम करतो. शिकायला काय लागलं नाही, अ‍ॅप टाकलं, कागदपत्रं चढवली, टी-शर्ट घेतला. तेच दुखणं आहे. आत जायला सोपं, पण आत गेल्यावर विचारायला माणूस नाही. रस्ता खोदलाय म्हणून उशीर झाला, गिऱ्हाइकानं कमी तारे दिले, पुढच्या आठवड्यात ऑर्डरी कमी. कुणाला सांगणार? मदतीच्या चौकटीत टाइप केलं की ठरलेलं उत्तर येतं. आयडी बंद झाला तर कारण कळत नाही. मालक आहे का नाही तेच कळत नाही. ते म्हणतात तुम्ही 'पार्टनर'. पेट्रोल माझं, गाडी माझी, पडलो तर हात-पाय माझे.

बाकी कुणाच्या उंबऱ्यावर नोकरी मागायला जावं लागलं नाही, हेही खरं. कॉलेजची फी यातनंच भरली.

मार्केटयार्ड_काका

रायडर, तुझं वाचून एक सांगतो. गुळाच्या बाजारात हमालाचा मालक कोण, हा प्रश्न आमच्या बापजाद्यांनी सोसलाय. सकाळी एका अडत्याकडं, दुपारी दुसऱ्याकडं, संध्याकाळी ट्रक भरायचा तिसऱ्याचा. गुळाचे ३० किलोचे रवे, म्हणजे ढेपा, पाठीवर. पाठ मोडली की प्रत्येक जण म्हणणार, आमचा कामगार नव्हे.

त्यावर महाराष्ट्रानं १९६९ ला माथाडी कायदा केला. अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी त्यासाठी रान उठवलं. युक्ती साधी आणि भक्कम होती. मालक एक नसला तरी चालेल, काम नोंदवायचं. ज्याचा माल उचलला त्यानं मजुरी आणि त्यावर ठरलेली लेव्ही, म्हणजे जादा रक्कम, माथाडी मंडळाकडं भरायची. मंडळ हमालाला पगार देणार, त्यातनंच भविष्य निर्वाह निधी, बोनस, दवाखाना. मालक बदलत राहिले तरी हमालाची नोंद कायम राहिली.

तुझं काम हमालीपेक्षा वेगळं नाही. उलट तुझी प्रत्येक फेरी कंपनीकडं मिनिटासकट नोंदलेली असते. आमच्या काळात टोळीचा मुकादम वहीत लिहायचा तेवढाच पुरावा. राजस्थाननं २०२३ ला अशा कामगारांसाठी कायदा केला. केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ची, ती २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली. त्यात कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगार कल्याणासाठी द्यायची आहे, कामगारांना दिलेल्या पैशाच्या ५ टक्क्यांची कमाल मर्यादा ठेवून. ई-श्रम या केंद्राच्या कामगार नोंदणी पोर्टलवर नाव घाल. एकट्यानं घालू नको, राजारामपुरीत तुमची जी पोरं कोपऱ्यावर ऑर्डरीची वाट बघत बसतात त्या सगळ्यांनी मिळून घाला. नोंदणी म्हणजे न्याय नव्हे, पण नोंदच नसेल तर भांडायला उभं राहायला जमीन नाही.

अभ्यासिकेतला

करवीरकाठ, 'शिकायला बसायचं कुठं' याचं उत्तर माझ्यासारख्यांनी पैसे देऊन शोधलंय. महिन्याची फी भरून अभ्यासिकेत खुर्ची, डोक्यावर पंखा, वायफाय. घरी दोन खोल्यांत टीव्ही आणि पाहुणे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून या शहरात आहे. म्हणजे वाचायला एकत्र बसण्याची सवय आपल्याला नवी नाही. पण स्पर्धा परीक्षेच्या पोरांची गर्दी सार्वजनिक वाचनालयांत मावत नाही.

शिकवणी फोनवर फुकट मिळते हे मान्य. दिल्ली-पुण्याला न जाता अर्थशास्त्र कळलं. पण परीक्षा संगणकावर गेल्यावर एक नवी गोष्ट आली, तिच्याबद्दल घरी सांगता येत नाही. २०२३ च्या तलाठी भरतीला ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज १० लाखांवर. एवढ्या पोरांची परीक्षा एकाच वेळी घेता येत नाही, म्हणून वेगवेगळ्या सत्रांत, वेगवेगळ्या प्रश्नपत्रिका. मग अवघड-सोपं सारखं करायला सूत्र लावून गुण काढले. निकालात २०० पैकी २१४ गुण दिसले. आई विचारते, २०० च्या पेपरात २१४ कसे? सूत्र मला कळतं, पण तिला सांगताना मलाच विश्वास वाटत नाही. पूर्वी वशिल्यावर संशय होता, आता सूत्रावर आहे. सूत्र पारदर्शक करून, प्रत्येकाचे मूळ गुण आणि बदललेले गुण सोप्या मराठीत समजावून दिले तर निम्मा संशय मिटेल.

म्हशीवाली

करवीर तालुक्यातनं. डेअरीत दूध घातलं की मशीनवर फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) येतं, पावती निघते, मेसेज येतो. मापात पूर्वी जी मारामारी व्हायची ती थांबली. दहा दिवसांचं बिल खात्यावर जमा.

पण मेसेज कुणाच्या फोनवर येतो ते विचारा. म्हशीची वैरण, शेण, धार, डेअरीला जाणं माझं. सभासद म्हणून नाव मालकांचं, म्हणजे नवऱ्याचं. खातं त्यांचं, फोन त्यांचा. बिल रोख मिळायचं तेव्हा मी हातात घेऊन यायची, त्यातलं किराणा, पोरांची फी बाजूला काढायची आणि उरलेलं द्यायची. आता किती आलं ते मलाच विचारावं लागतं. पैसे बँकेत जाणं चांगलंच आहे. फक्त ज्याचे कष्ट त्याच्या नावावर जाऊ देत. सभासदत्व बायकांच्या नावावर करून घ्या, हे मी आमच्या गल्लीत सांगत फिरते.

सानिका_पेठेतली

ताई, तुमचा प्रतिसाद सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. माझ्या आईचं पण सेम होतं. दुकानाचा क्यूआर बाबांच्या नावावर. आता आईचं वेगळं खातं काढून वेणी आणि गोंड्याच्या कामाचे पैसे तिच्या नावावर जातात.

बँकेतला_निवृत्त

दोन गोष्टी लिहितो. पहिली म्हणजे, माझ्या वयाच्या लोकांना धमकीचे व्हिडिओ कॉल येतात. पोलिसाचा गणवेश, मागं कार्यालयाचा देखावा, 'तुमच्या आधारवर पार्सल सापडलंय, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कुणाला सांगायचं नाही.' अशी अटक आपल्या कायद्यात नाही. कुणालाही असा फोन आला की तोडा आणि घरच्यांना आधी सांगा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा, जितकं लवकर तितकी रक्कम पुढच्या खात्यांत गोठवता येण्याची आशा. माझ्या ओळखीतल्या शिकलेल्या, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या माणसाची आयुष्यभराची ठेव अशी गेली. त्यांना फसवलं ते अज्ञानानं नव्हे, एकटेपणानं. दिवसभर घरात कुणी बोलायला नव्हतं.

दुसरी म्हणजे, हाच फोन २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आमचा आधार होता. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी तासातासाला ग्रुपवर यायची. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे इथल्या लहान पोरालाही पाठ आहेत. कुठल्या गल्लीत पाणी शिरलं, कुठं बोट हवी, कुणाकडं इन्सुलिन आहे, सगळं त्यावर चाललं. आणि ७ जून २०२३ ला मोबाईलच्या स्टेटसवरून याच शहरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. त्याच्या चारच वर्षं आधी त्याच गल्ल्यांतल्या माणसांनी एकमेकांना पाण्यातनं काढलं होतं. त्या दिवसाचं मला अजून दुःख आहे. ग्रुपवर आलेली गोष्ट खरी का, हे विचारायची सवय शाळेत लावायला हवी, गुरुजी.

डोंगरगुरुजी

लावतो. पाचवीच्या वर्गात रोज एक फॉरवर्ड आणायला सांगतो. कुणी लिहिलं, कधीचं आहे, फोटो कुठला, एवढे तीनच प्रश्न. पोरं घरी जाऊन बापाला विचारायला लागलीत.

हिंजवडीतला_कोल्हापूरकर

आयटीत आहे. फौंड्रीवाले काकांच्या पोस्टवर थोडं वेगळं मत. तुमच्या मशीनवर जे होतंय ते आमच्या खुर्चीवर पण होतंय. नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं. नवीन पोरगा पहिली दोन वर्षं जे काम करून शिकायचा, म्हणजे छोट्या चुका शोधणं, टेस्ट लिहिणं, जुना कोड वाचून दुरुस्त करणं, तेच काम आता यंत्र आधी करतं. टीम लीडला पटकन होतं म्हणून बरं वाटतं. पण पायरीच काढली तर वर चढणार कोण? त्यामुळं गावाकडच्या पोरांना मी 'कोडिंग शिका' एवढंच सांगणं बंद केलंय. एखादा धंदा आतून माहीत करून घ्या म्हणतो. कास्टिंग कळणारा आणि संगणक कळणारा एकच माणूस असेल तर त्याला काम मिळेल. नुसता एक येऊन भागणार नाही. आणि असा माणूस हिंजवडीत तयार होत नाही, उद्यमनगरात होईल.

फौंड्रीवाला

हे पटलं. मग बोलण्यापेक्षा करूया. माझ्या शेडच्या वरच्या मजल्यावर हॉल रिकामा आहे, जुने दोन कॉम्प्युटर आहेत, इंटरनेट आहे. शिफ्ट सहाला सुटते. सात ते नऊ ज्याला यायचं त्यानं यावं. मशीनवाल्या पोरांना ऑफसेट, ड्रॉइंग वाचन मी सांगतो. हिंजवडीकर, तुम्ही शनिवारी गावी येता तेव्हा दोन तास द्या. फी नाही.

करवीरकाठ (धागाकर्ता)

काका, मी येतो. ई-पीक पाहणी, डिजिलॉकर, महाडीबीटी, ओटीपी कुणाला सांगायचा नाही, एवढं मी दाखवू शकतो. फॉर्म मी भरून देणार नाही, ज्याचा त्यानं भरायचा, मी शेजारी बसणार.

म्हशीवाली

सात ते नऊ धारेची आणि स्वयंपाकाची वेळ. आणि अंधार पडल्यावर उद्यमनगरात बायका कशा यायच्या?

सानिका_पेठेतली

ताई बरोबर बोलल्या. बायकांसाठी दुपारी दोन ते चार ठेवा, आणि उद्यमनगरात नको, पेठेत ठेवा. आमच्या दुकानाच्या मागची खोली दुपारी मोकळी असते, बाबांना विचारून उद्या सांगतो. प्रत्येकीनं स्वतःचा फोन आणायचा, मालकाचा नाही. नसेल तर मी माझा जुना देतो.

फौंड्रीवाला

चालेल. एक कॉम्प्युटर तिकडं पाठवतो. कीबोर्डवर मराठीचे स्टिकर लावायचे राहिलेत, तेवढे लावून घे.